पहिलं मराठी पुस्तक करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिलं पुस्तक करायला निघालेल्या लेखकांकडून संपादनाच्या कामात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मराठीत पुस्तक छापून घेणं आता अवघड राहिलेलं नाही. डिजिटल छपाईमुळे शंभर प्रतीसुद्धा थोड्या दिवसांत हातात येतात. काम अडतं ते दोन ठिकाणी. एक तर मजकुरावर पुरेशी मेहनत झालेली नसते. दुसरं म्हणजे लेखक आणि प्रकाशक यांच्यात काय ठरलं, ते कागदावर नसतं. या दोन विषयांवरची उत्तरं म्हणूनच लांबली आहेत. बाकीची आटोपशीर ठेवली आहेत.

माझं लिहून पूर्ण झालं आहे. लगेच प्रकाशकाकडे पाठवू का?

नको. महिनाभर तरी ते बाजूला ठेवा. मग सगळा मजकूर कागदावर छापून घ्या आणि मोठ्यानं वाचा. पडद्यावर वाचताना डोळा पुढे सरकत राहतो, मोठ्यानं वाचताना मात्र जीभ नेमकी अडते. जिथे अडली तिथे पेन्सिलीनं खूण करा, पण लगेच दुरुस्त करत बसू नका. आधी अखेरपर्यंत जा. वाक्यांच्या दुरुस्तीआधी रचनेचे दोष दिसायला हवेत: एकच प्रसंग दोनदा आला आहे का, एखादं पात्र मध्येच नाहीसं झालं आहे का, शेवट घाईत उरकला आहे का.

माझ्यासमोर येणाऱ्या पहिल्या पुस्तकांत आत्मकथनं पुष्कळ असतात. निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, परिचारिका, एसटीतले कर्मचारी अशा लोकांनी लिहिलेली. यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात घराण्याची मूळ हकीकत, गावाचं वर्णन, बालपण, शाळा अशी रांगेनं होते आणि वाचकाला खरी ओढ लागते ती साठाव्या पृष्ठापाशी, म्हणजे लेखक नोकरीला लागतो तिथे. खरं सोनं त्या कामात असतं. १९७२च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर हजेरी कशी लागायची, संगणक येण्याआधी बँकेत वर्षअखेरचा ताळा कसा जमवायचे, रात्रपाळीच्या वॉर्डात एकट्या परिचारिकेवर काय काय पडायचं, हे दुसरं कुणी लिहू शकत नाही. तिथून सुरुवात करून बालपण पुढे गरजेपुरतं आणता येतं.

कवितासंग्रहाचं काम उलट दिशेनं चालतं. तिथे लिहिण्याइतकंच वगळणं महत्त्वाचं. दोनशे कविता असतील तर साठ निवडा, आणि निवडताना दुसऱ्या वाचकाची मदत घ्या. आपली आवडती कविता कुठली, हे आपल्याला ती लिहिताना काय वाटलं त्यावर ठरलेलं असतं; वाचकाजवळ ती आठवण नसते.

आधी दिवाळी अंकात छापून यायला हवं, असं म्हणतात. खरं आहे का?

अट नाही, पण उपयोग फार आहे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकांच्या कित्येक पिढ्या दिवाळी अंकांतून आणि मासिकांतून घडल्या. कथा किंवा लेख तिथे गेला की एक अनोळखी संपादक तो वाचतो, शब्दमर्यादा घालतो, कधी परत पाठवतो. पुस्तकाआधी ही परीक्षा झालेली बरी. अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, तेव्हा गणपतीत कथा पाठवून दिवाळीची वाट पाहू नका.

संपादक म्हणजे शुद्धलेखन तपासणाराच ना?

नाही, आणि या एका गैरसमजामुळे मराठी पुस्तकांचं सर्वांत जास्त नुकसान झालं आहे.

तीन वेगळी कामं आहेत. पहिलं संपादन. संपादक हस्तलिखित संपूर्ण वाचतो आणि रचनेबद्दल बोलतो: हे प्रकरण आधी हवं, इथे निवेदक अचानक भाषण करू लागला आहे, या पात्राला स्वतःचा आवाज नाही. दुसरं काम म्हणजे मजकुराचं बारीक तपासकाम. नावं, सनावळ्या, नातेसंबंध, वाक्यरचना, एकच शब्द सगळीकडे एकसारखा लिहिला आहे की नाही, हे त्यात येतं. पृष्ठ १२ वर आत्या असलेली बाई पृष्ठ ९० वर मावशी झाली तर ते इथे सापडायला हवं. तिसरं मुद्रितशोधन. पानं जुळून आल्यावर, छपाईला जाण्याआधी, अक्षर न् अक्षर तपासणं. मुद्रितशोधकाच्या हाती पुस्तक येतं तोवर रचना बदलायची वेळ टळलेली असते. त्यानं ती बदलावी अशी अपेक्षा धरणंही चूक.

‘मौज’ प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची नावं मराठीत आदरानं घेतली जातात ती या पहिल्या कामासाठी. लेखकाला पुन्हा लिहायला लावण्याची आणि त्यासाठी थांबण्याची तयारी त्यांच्याकडे होती. आज असा वेळ काढणारी घरं थोडी आहेत. पण थोडी आहेत म्हणजे नाहीत असं नव्हे. प्रकाशकाला पहिल्याच भेटीत विचारा: माझं हस्तलिखित कोण वाचणार, आणि त्या व्यक्तीशी मला बोलता येईल का? उत्तर ‘आमचा डीटीपीवाला बघतो सगळं’ असं आलं तर तुमच्या पुस्तकाचं संपादन होणार नाही, हे समजून चला.

प्रकाशकाकडे संपादक नसेल तर स्वतंत्रपणे काम करणारा संपादक शोधता येतो. पूर्ण पुस्तक सोपवण्याआधी दहा पृष्ठं नमुना म्हणून द्या आणि त्याचं मानधनही द्या. संपादन चांगलं आहे की नाही, ते त्या दहा पृष्ठांत कळतं. तुमचं वाक्य तुमचंच राहून नीट झालं असेल तर तो माणूस धरून ठेवा. सगळी वाक्यं एकाच साच्याची झाली असतील तर नमस्कार करून पुढे जा.

मी बोलीत लिहितो. संपादक ती प्रमाण मराठी करून टाकेल का?

करू देऊ नका. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, आगरी यांच्यातला शब्द, क्रियापदाचं रूप, वाक्याचा हेल बदलला की माणूसच बदलतो. पण तुमच्याकडूनही एक गोष्ट हवी: सातत्य. आजी पहिल्या प्रकरणात जसं बोलते तसंच दहाव्यात बोलायला हवं. बोलीतल्या ज्या शब्दांची तुम्ही स्वतःच दोन-तीन रूपं लिहिली आहेत, त्यांची यादी करून प्रत्येकाचं एक रूप ठरवा आणि ती यादी हस्तलिखितासोबत द्या. मुद्रितशोधक तुमचे आभार मानेल.

निवेदनाच्या भाषेसाठी आज चालतात ते नियम मराठी साहित्य महामंडळानं केलेले आहेत. त्यांतले चौदा राज्य शासनानं १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली. ते सगळे पाठ असण्याची गरज नाही. ऱ्हस्व-दीर्घ आणि सामान्यरूपाचे नियम मात्र एकदा नीट समजून घ्या, बहुतेक चुका तिथेच होतात. शिवाय निवेदनात ‘केलं, असं, त्यांचं’ लिहायचं की ‘केले, असे, त्यांचे’, हे पहिल्या पृष्ठावर ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा.

टंकन कशात करू? माझ्याकडे जुन्या फाँटमधला मजकूर आहे.

नवं लिखाण फक्त यूनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर किंवा फोनवर तसंच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला थोडे दिवस लागतात, पण ते कष्ट जन्मभर पुरतात. फोनवर बोलून टंकन करता येतं आणि पहिल्या खर्ड्यासाठी ते चांगलं आहे. विरामचिन्हं आणि विशेषनामं मात्र हातानंच सुधारावी लागतात.

जुन्या श्रीलिपी, कृतिदेव, आकृती वगैरे फाँटमधल्या मजकुराची अडचण समजून घेण्यासारखी आहे. त्या पद्धतीत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो फाँट संगणकावर नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. शिवाय मजकूर दिसतो त्या क्रमानं साठवलेला असतो, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. यूनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: ‘कि’मध्ये आधी क, मग वेलांटी, ‘र्म’मध्ये आधी र, मग म. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षरं आली की ते चुकतं. म्हणून रूपांतरानंतर ‘निश्चित’, ‘कार्य’, ‘परिस्थिती’ असे शब्द आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ‘ऱ्य’ शोधून शोधून तपासा. ‘दुसर्या’ असं छापलेली पुस्तकं दुकानात आजही सापडतात, ती या रूपांतरातून न तपासता गेलेली असतात.

आणखी एक. पानं जुळवल्यानंतरच्या सगळ्या दुरुस्त्या जुळवलेल्या फाइलमध्ये होतात, तुमच्या मूळ फाइलमध्ये नाही. छपाई झाल्यावर अंतिम पीडीएफ आणि शेवटच्या दुरुस्त्यांसह संपादन करता येईल असा यूनिकोड मजकूर, दोन्ही मागून घ्या. पाच वर्षांनी ई-पुस्तक किंवा दुसरी आवृत्ती काढताना यावाचून सगळं मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं.

प्रकाशकाकडे काय पाठवायचं आणि किती थांबायचं?

आधी त्या प्रकाशकाच्या पुस्तकांची यादी पाहा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात एक दुपार काढली तरी कोण काय छापतं याचा अंदाज येतो. बाहेरगावी असाल तर ग्रंथालयात आपल्या विषयाची पुस्तकं काढून त्यांचे प्रकाशक लिहून घ्या. पाककृती आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं करणाऱ्या घराकडे कादंबरी पाठवण्यात कुणाचाच फायदा नाही.

एका पृष्ठाचं पत्र, एका पृष्ठाचा सारांश आणि पहिली दोन-तीन प्रकरणं इतकं पुरतं. कादंबरीचा सारांश शेवटासकट द्या, शेवट लपवू नका. पत्रात स्वतःची बिरुदं कमी आणि पुस्तक कशाबद्दल आहे ते जास्त. मूळ हस्तलिखिताची एकुलती एक प्रत कुणालाही देऊ नका. उत्तराला महिने लागतात. तीन महिन्यांनी सौम्य स्मरणपत्र पाठवायला हरकत नाही. एकाच वेळी दोघांकडे पाठवलं असेल तर दोघांनाही तसं कळवा.

प्रकाशक पैसे मागतो आहे. द्यायचे का?

या प्रश्नामागे बहुतेकदा थोडी लाज असते. ती बाजूला ठेवू या. स्वखर्चानं पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही. मराठीतल्या किती तरी चांगल्या पुस्तकांची, विशेषतः कवितेची, पहिली आवृत्ती कवीच्या पैशानं निघाली आहे. प्रश्न असा आहे की पैसे देऊन तुम्हाला काय मिळतं आणि पुस्तकाचा मालक कोण राहतो.

प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो तेव्हा पुस्तक विकलं जाणं ही त्याची गरज असते. तुमच्याकडून सगळा खर्च आणि वर नफा आधीच वसूल झाला, तर प्रती गोदामात पडून राहिल्यानं त्याचं काहीही अडत नाही. हे कटू आहे, पण हिशेब तोच आहे. म्हणून पैसे द्यायचेच असतील तर सेवेचे द्या आणि सेवा काय ते लिहून घ्या: संपादन कोण करणार, मुद्रितं (छपाईआधी तपासायची जुळवलेली पानं) किती वेळा दाखवणार, कागद कोणता, किती प्रती छापणार, त्यांतल्या किती तुमच्या ताब्यात देणार, उरलेल्या विकल्यावर पैसे कुणाचे. तुमच्या पैशानं छापलेल्या प्रतींच्या विक्रीवर तुम्हाला दहा टक्के मानधन आणि नव्वद टक्के त्यांना, असा करार समोर आला तर त्यावर सही करू नका. आणि अशा व्यवहारात स्वामित्वहक्क (कॉपीराइट) तर कोणत्याही कारणानं देऊ नका.

‘किमान तीनशे प्रती लेखकानं विकत घ्याव्यात’ ही अट म्हणजे याच मागणीचं दुसरं रूप. तीनशे प्रतींची रक्कम मांडून पाहा. अनेकदा त्यात पाचशे प्रतींची छपाई बसते.

बोलणी करण्याआधी किमान दोन मुद्रणालयांतून थेट छपाईचे दर मागवा. आकडा हातात असला की समोरचा प्रस्ताव किती ताणलेला आहे ते लगेच दिसतं.

करारात काय पाहू? आमच्यात विश्वासाचे संबंध आहेत, कागद कशाला?

विश्वास आहे तेव्हाच कागद करावा. पुस्तक माणसांपेक्षा जास्त जगतं. उद्या तुमच्या मुलीला प्रकाशकाच्या मुलाशी बोलावं लागेल, तेव्हा दोघांनाही कागदाचा आधार लागेल.

स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आहे आणि तो लेखकाच्या बाजूनं बरंच काही बोलतो. हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर दिले, हे त्यात नमूद व्हायला हवं. कलम १९ सांगतं की मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. हक्क घेतलेल्यानं वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास ते हस्तांतरण आपोआप संपतं. शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव राहण्याचा आणि आपली बदनामी होईल अशी मजकुराची मोडतोड रोखण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो.

मग तरी लेखक फसतात कुठे? ‘सर्व हक्क, सर्व भाषांत, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ या एका ओळीत. ही ओळ मोडून घ्या. प्रकाशक मराठी मुद्रित आवृत्ती काढणार आहे ना, मग त्याला मराठी मुद्रित आवृत्तीचे हक्क द्या, तेही ठरावीक वर्षांसाठी किंवा ठरावीक प्रतींसाठी. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, नाटक, चित्रपट, मालिका यांचं स्वतंत्र कलम करा. कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यवहारात आलं नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय दिले गेले असं मानता येत नाही. कादंबरीवर मालिका निघण्याची शक्यता आज दूरची वाटेल. ती ओळ मात्र आजच दुरुस्त होते.

मानधन मराठीत साधारण छापील किमतीच्या दहा ते पंधरा टक्के असतं. टक्का कशावर, हे नीट वाचा. छापील किमतीवर दहा टक्के आणि ‘निव्वळ प्राप्तीवर’ (विक्रेत्यांची सवलत वजा जाता प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर) दहा टक्के यांत जवळपास दुपटीचा फरक पडू शकतो. हिशेब वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, छापलेल्या-विकलेल्या-शिल्लक प्रतींच्या आकड्यांसह मिळावा हेही लिहून घ्या. लेखकाला मोफत प्रती किती आणि जादा प्रतींवर सवलत किती, हे शेवटचं.

स्वामित्वहक्काची नोंदणी करावीच लागते का?

नाही. लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा असतो. नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आणि वाद झाला तर ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. पाठवलेल्या ईमेल आणि जुने खर्डे जपून ठेवणं हाही चांगला पुरावा आहे.

प्रकरणाच्या सुरुवातीला प्रसिद्ध कवितेच्या किंवा गाण्याच्या ओळी दिल्या तर चालतील?

आधी कवी कधी वारले ते पाहा. भारतात हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं साहित्य २०११ पासून मुक्त आहे. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवर २०३७ संपेपर्यंत हक्क आहे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, २०५९ पर्यंत. संतसाहित्य सर्वांचं आहे, पण एखाद्या विद्वानानं केलेली टीपा-प्रस्तावनेसह संपादित आवृत्ती जशीच्या तशी उचलता येत नाही.

समीक्षेसाठी गरजेपुरतं अवतरण घेण्याची मुभा कायदा देतो. सजावट म्हणून ओळी वापरायच्या असतील तर वारसांकडून किंवा प्रकाशकाकडून लेखी परवानगी घ्या. एक साधं पत्र लिहावं लागतं आणि लोक बहुतेकदा आनंदानं हो म्हणतात. छायाचित्रांनाही हाच न्याय: इंटरनेटवर सापडलं म्हणून ते फुकट होत नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, कुठे मिळतो? त्यासाठी पैसे लागतात का?

लागत नाहीत. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था हा क्रमांक ऑनलाइन अर्जावर विनामूल्य देते आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही तो मिळतो. २००७ पासून क्रमांक १३ अंकी झाला. भारतातले ९७८-८१ किंवा ९७८-९३ नं सुरू होतात. मुद्रित आणि ई-पुस्तकाचे क्रमांक वेगळे लागतात. तेच पुस्तक पुन्हा छापलं तर जुनाच चालतो, मजकूर सुधारून नवी आवृत्ती काढली तर नवा घ्यावा. कुणी ‘आयएसबीएन शुल्क’ म्हणून मोठी रक्कम लावली असेल तर ती कशाची, असं विचारा. आणि हा क्रमांक म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र नाही, निव्वळ पुस्तकाची ओळख आहे.

किती प्रती छापू आणि किंमत किती ठेवू?

नेहमीचा आकार डेमी १/८, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. सोळा पृष्ठांचा एक फॉर्म (एकत्र छापून दुमडलेला पानांचा गट). म्हणून पृष्ठसंख्या सोळाच्या, निदान आठच्या पटीत बसवतात. पन्नास हजार शब्दांचं पुस्तक सुमारे १९२ पृष्ठांत, म्हणजे बारा फॉर्ममध्ये मावतं. आतला कागद ७० किंवा ८० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) वजनाचा मॅपलिथो, शक्यतो किंचित पिवळसर. पांढऱ्याशुभ्र कागदावर डोळे लवकर थकतात. जाड पुस्तक असेल तर फक्त चिकटवलेली बांधणी नको, शिवून घ्या.

किमतीचं गणित मांडून पाहू. समजा छापील किंमत ३०० रुपये. वितरक आणि दुकानदार मिळून ४० टक्के घेतात, गेले १२०. लेखकाचं मानधन दहा टक्के, ३०. उरले १५०. कागद-छपाई-बांधणीला प्रतीमागे ९० पडले तर हातात ६० राहतात. पाचशे प्रती पूर्ण विकल्या गेल्या तरी ३०,००० रुपये, आणि त्यात संपादन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, वाहतूक, भेटप्रती हे सगळं बसवायचं. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, दर शहराशहरांत बदलतात. पण यावरून लक्षात येईल की प्रामाणिक प्रकाशकही पैशांत लोळत नाही आणि संपादनावरच कात्री का चालते. मी म्हणेन की दोन रंगी आतली पानं, सोनेरी अक्षरं, झगमगीत प्रकाशन समारंभ यांतलं काहीही कमी करा, पण संपादन आणि मुद्रितशोधन कमी करू नका.

प्रतींबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कविता असेल तर दोनशे-तीनशे, बाकी गद्याला पाचशे. संपल्या तर पुन्हा छापता येतात. पलंगाखालच्या खोक्यांना मात्र वाळवी लागते.

शेवटच्या मुद्रितात काय तपासू?

शीर्षकं. मोठ्या टायपातली चूक सर्वांच्या नजरेतून सुटते. मुखपृष्ठावरचं आणि कण्यावरचं नाव, अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक, पानाच्या माथ्यावरची प्रकरणांची नावं, छायाचित्रांखालच्या ओळी, अर्पणपत्रिकेतलं आजीचं नाव. श्रेयपृष्ठावर हक्क कुणाचा ते वाचा. तिथे तुमच्या नावाऐवजी चुकून प्रकाशकाचं नाव पडलेलं असू शकतं.

शासनाकडून काही मदत मिळते का?

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. अर्ज मागवल्याची जाहिरात येते, हस्तलिखित तज्ज्ञांकडून तपासलं जातं आणि निवड झाली तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. वेळ लागतो, पण तज्ज्ञांचा शेरा हाती आला तर तोही मोलाचा.

ग्रंथालयांकडेही लक्ष ठेवा. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात हजारो सार्वजनिक वाचनालयं शासनमान्य आहेत आणि मराठी पुस्तकाचा मोठा ग्राहक तीच आहेत. ग्रंथालय संचालनालयाच्या निवड यादीसाठी आणि कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या खरेदीसाठी पुस्तक पाठवणं हे प्रकाशकाचं काम; तो ते वेळेत करतो का, हे विचारणं तुमचं.

पुस्तक निघालं. कायद्यानं काही करावं लागतं का?

१९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. स्वतः प्रकाशक असाल तर ही जबाबदारी तुमची. कंटाळा करू नका. पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक तुमचं पुस्तक शोधेल तेव्हा ते तिथेच सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक आधी काढलं तर?

काढता येतं. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक सेवेवर मराठी पुस्तकं २०१६ पासून आहेत आणि लेखक स्वतः ती चढवू शकतो. तिथल्या केडीपी सिलेक्ट या योजनेत नाव घातलं तर नव्वद दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, विनामूल्यसुद्धा. मुद्रित प्रतीला ही अट लागू नाही. बुकगंगा या संकेतस्थळावर मुद्रित आणि ई दोन्ही रूपांत विक्री होते. पैशांची अपेक्षा नसेल आणि वाचक हवे असतील तर ई साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तकं विनामूल्य वाचकांपर्यंत नेतं.

स्टोरीटेल हे श्राव्य पुस्तकांचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं आणि मराठी ऐकणारा मोठा वर्ग समोर आला. प्रवासात, स्वयंपाक करताना ऐकणारे हे लोक आहेत. ऐकण्यासाठी लिहिताना वाक्य छोटं, नावं स्पष्ट आणि ‘वर म्हटल्याप्रमाणे’सारखे संदर्भ टाळलेले बरे.

मी महाराष्ट्राबाहेर राहते. काय वेगळं करावं लागेल?

गोवा, बेळगाव, बडोदा, इंदूर, हैदराबाद इथे मराठी वाचनालयं आणि मंडळं जुनी आहेत. पहिले वाचक तिथेच शोधा. परदेशात असाल तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त होतो, म्हणून ई-पुस्तक सोबतच काढा. भारतातल्या भारतात पाठवण्यासाठी टपाल खात्यानं १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू केलं आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून. मुद्रितं मात्र स्वतः तपासा, गावी असलेल्या भावावर सोपवू नका.

प्रकाशक हिशेब देत नाही, पुस्तकही बाजारात नाही. हक्क परत मिळतील का?

बहुतेक वेळा मिळतात, पण फोनवर नाही. करार काढून मुदत पाहा. संपली असेल तर हक्क तुमचेच आहेत. तसं पत्र स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं पाठवा, त्यात शिल्लक प्रतींची संख्या विचारा आणि त्या विकून संपवण्यासाठी ठरावीक मुदत द्या. मुदत बाकी असेल तर छापलेल्या व विकलेल्या प्रतींचा हिशेब तीस दिवसांत मागा. करारच झालेला नसेल, तर लेखी हस्तांतरणच झालेलं नाही, हेच तुमचं सर्वांत मोठं बळ. पत्राची भाषा शांत ठेवा. या पायरीवर निम्म्याहून जास्त प्रकरणं मिटलेली मी पाहिली आहेत, कारण न खपणाऱ्या पुस्तकासाठी भांडण्यात समोरच्यालाही रस नसतो. उत्तर आलंच नाही तर पत्राच्या पोचपावत्या घेऊन वकिलाकडे जा. नव्या प्रकाशकाशी बोलताना या सगळ्याच्या प्रती त्याला दाखवा. जुना वाद मिटल्याचा कागद पाहिल्याशिवाय तो पुस्तकाला हात लावणार नाही.